ज्याला शेवटचे विचारले

आबा,

आज एका मुलीने मला तुमचा प्रश्न विचारला. विद्यापीठातल्या आमच्या मराठी विभागाने विज्ञानकथालेखनाची दोन दिवसांची कार्यशाळा ठेवली होती आणि ती गारगोटीहून सकाळची एसटी पकडून आली होती. केसांना चापून तेल, हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली वही. दिवसभर ती एक शब्द बोलली नाही. शेवटच्या तासाला माझ्या पहिल्या कथेवर चर्चा होती. तीच कथा, जिच्यात पंचगंगेचे पाणी चढत जाते, कोल्हापूर जोतिबाच्या डोंगरावर जाऊन वसते आणि दोनशे वर्षांनंतर त्या डोंगरावरच्या गावात कोणी कोणाची जात विचारत नाही. मुलांनी ठरलेली स्तुती केली. मग ही उभी राहिली आणि म्हणाली, "मॅडम, वर गेल्यावर विचारायचं बंद झालं, ते कळलं. पण शेवटचं विचारलं ते कुणाला?" तुम्हाला जाऊन सव्वीस वर्षे झाली. तेव्हा तिचा जन्मही झालेला नव्हता. हा प्रश्न मी कोठे लिहिलेला नाही, कोणाला सांगितलेला नाही, आणि तरी तो जवळजवळ तुमच्याच शब्दांत, पंख्यांच्या घरघरीत, तिसऱ्या रांगेत उभा होता.

मी तिला काय उत्तर दिले, ते लिहायला अजून हात धजत नाही. घरी आले, चहा केला, तो तसाच निवला आणि मी हे लिहायला बसले. आपल्या दोघांत अशी भाषा कधी नव्हती, याची मला जाणीव आहे. कोल्हापुरातल्या पोरी बोलतात तशी घरात मीही 'मी गेलतो, मी आलतो' म्हणत वाढले. कॉलेजात गेल्यावर पहिल्या सहा महिन्यांत मी माझी जीभ घासून स्वच्छ केली आणि मग जेवताना तुमची आणि आईची वाक्ये दुरुस्त करू लागले. तुम्ही हसायचात. आई ताट माझ्याकडे सरकवून म्हणायची, "आता भाकरी बी शुद्ध करून खा म्हणावं." आज ते दोन्ही आवाज नाहीत आणि माझी वाक्ये निर्दोष आहेत.

मी शिकवते ते असे : कल्पित जग रचताना लेखकाला एकच सूट मिळते. नदी चढली म्हणा. वाचक मान्य करील. पण त्यानंतर त्या डोंगरावर मीठ कोठून येते, मेलेली जनावरे कोण उचलते, पोरांची लग्ने कोणाशी होतात, या प्रत्येक गोष्टीचा जाब द्यावा लागतो, आणि तेथे दुसरी सूट मागता येत नाही. बहुतेकांना हे पेलत नाही. ते एक यंत्रमानव आणतात, त्याला संस्कृत नाव देतात आणि शेवटच्या परिच्छेदात त्याच्या डोळ्यांत पाणी आणतात. कार्यशाळेसाठी आलेल्या कथांपैकी बहुतेक मी पहिल्याच पानावर बाजूला ठेवल्या आणि त्याचे मला यत्किंचितही वाईट वाटले नाही. मुलांना मी सांगते की तुमच्या भविष्यातल्या माणसांना आडनावे नसतात, कारण आडनाव लिहिले की त्याच्या मागोमाग अख्खे गाव कागदावर येते आणि ते सांभाळण्याची तुमची ताकद नाही. हा दोष मी लांबूनही ओळखते. तो माझा आहे, हे मात्र मी कधी सांगत नाही.

आणि हे सगळे मी ग्रंथालयात शिकले, असेच मी आजवर भासवले. खरे तर ते उद्यमनगरातल्या तुमच्या त्या दोन खणांच्या कारखान्यात शिकले. सागवानाच्या भुशात पाय रुतायचे, लाकडाला लावायच्या चपडा लाखेचा वास केसांत बसायचा. फौंड्रीला लोखंडाचा जो भाग ओतायचा असेल तो तुम्ही आधी लाकडात घडवायचात, पॅटर्न म्हणायचात त्याला. ते लाकूड वाळूत दाबले की त्याची पोकळी राहते आणि त्या पोकळीत वितळलेले लोखंड पडते. पण लोखंड गार होताना आकसते. म्हणून लाकूड आधीच थोडे मोठे करावे लागते, आणि त्यासाठी तुमच्याकडे ती वेगळी पोलादी पट्टी होती, श्रिंकेजची पट्टी, जिच्यावरचा प्रत्येक सेंटिमीटर खऱ्या सेंटिमीटरपेक्षा केसभर लांब होता. आठवीत असताना ती चकचकीत दिसली म्हणून मी तुम्हाला न विचारता दप्तरात घातली आणि भूमितीच्या पेपरात तिनेच रेघा मारल्या. दहा सेंटिमीटरला एक मिलिमीटर. आमचे सर स्वतःची पट्टी लावून तपासणारे. माझे दोन गुण गेले, आणि गेले ते तेवढेच. मी कारखान्यात येते आहे, चार माणसे रंधा थांबवून बघताहेत, आणि मी ती पट्टी तुमच्या पुढ्यात आपटते, "खोटी पट्टी हाय तुमची!" तुम्ही ती उचलता, सदऱ्याला पुसता, डोळ्यांजवळ नेऊन वाकली तर नाही ना ते बघता. "खोटी न्हाय ती. गार झाल्यावर किती उरणार, ते तिला आदीच ठावं हाय." आणि मग, सगळ्यांसमोर, आवाज न चढवता, "पर न इचारता दुसऱ्याच्या हत्याराला हात लावायचा न्हाय. तुला कळत नसंल तर इचार. इचारायला लाजतीस, म्हणून चुकतीस." त्या शेवटच्या वाक्याचा राग मी कितीतरी वर्षे बाळगला.

त्याच वर्षी आपण दोघे एका लग्नासाठी एसटीने गारगोटीला गेलो होतो. तुमच्या शेजारी पांढऱ्या टोपीतला एक गृहस्थ बसला होता. गाडी गावाबाहेर पडायच्या आत त्याने सुरुवात केली.

"पावणं, कुठलं म्हणायचं?"

"कोल्हापूरचं."

"कोल्हापुरात कुठं?"

"उद्यमनगरात. पॅटर्नमेकर हाय."

"कामाचं न्हवं इचारलं वो. मूळ गाव?"

तुम्ही हातकणंगल्याजवळचे आपले गाव सांगितलेत. त्याने गावातली गल्ली विचारली. तुम्ही तीही सांगितलीत, जशी दुकानदाराला लाकडाची लांबी सांगावी तशी. "आस्सं," तो म्हणाला आणि खिडकीबाहेरचा ऊस बघू लागला. पुढे तासभर तो बोलला नाही. मी खाली मान घालून तुमच्या चपलांकडे बघत होते. उतरल्यावर तुम्ही पिशवी या हातातून त्या हातात घेतलीत आणि म्हणालात, "दोन बोटं सरकला." आणि चालता चालता पुढे म्हणालात, "लोखंड शेकडा एक आकसतं. माणूस किती, ते अजून गावलं न्हाय मला." आणि स्वतःच्याच बोलण्यावर खदखदून हसलात. आजोबांनी धम्म स्वीकारला त्याला तेव्हा किती वर्षे लोटली होती. तुमच्या हातचे काम पुण्याच्या कारखान्यांपर्यंत जात होते. आणि तुम्ही हसत होतात. मला ते हसणे सहन झाले नाही. मी लिहीन तेथे कोणी कोणाला गल्ली विचारणार नाही, असे मी त्या स्टँडवर, शेंगदाणेवाल्याच्या गाड्याशेजारी, ठरवून टाकले. माझ्या सगळ्या साहित्याची प्रेरणा म्हणून मुलाखतींत मी जे काही सांगत आले, ते सजवलेले आहे. प्रेरणा एवढीच होती.

मग ती कथा. एम.ए.ला विद्यापीठात पहिली आले होते. सोमवार होता, उद्यमनगरची सुट्टी. आई भाकऱ्या थापते आहे, तुम्ही पाटावर बसून कांदा फोडता आहात आणि मी उभी राहून वाचते आहे, कारण बसून वाचले की आवाज दबतो असे मला कोणीतरी सांगितले आहे. तुम्ही डोळे मिटून ऐकलेत. संपल्यावर "चांगलं हाय" म्हणालात. मी कागद आवरू लागले तेव्हा म्हणालात, "एक इचारू? वर जाताना आदी कोण चढलं?"

"सगळे चढले, आबा."

"सगळी एका दमात कशी चढतील? वाट केवढी, माणसं केवढी. आदी कोण, मागनं कोण? वर झऱ्याजवळची जागा कुणाला गावली?"

"गोष्ट दोनशे वर्षांनंतरची आहे. तोवर लोक हे विसरलेत."

"आपोआप?"

तुम्ही कांदा खाली ठेवलात. "असं बघ. कदीतरी एका दिवशी कुणीतरी कुणाला तरी इचारलं आसंल, आणि त्यानंतर कुणी इचारलं न्हाय. ते शेवटचं कुणाला इचारलं? त्यानं काय सांगितलं? आणि इचारणारा सरकला का न्हाय?"

मी म्हणाले की साहित्यात सगळे सांगायचे नसते, सूचकता नावाची काही गोष्ट असते. तुम्ही अगदी सरळ चेहऱ्याने म्हणालात, "सांगू नगंस की. पर तुला ठावं पायजे." तव्याकडची नजर न काढता आई म्हणाली, "हात लावू नगा, लोखंड तापलंय." तुम्ही हसलात. आणि मी ते वाक्य बोलले, आबा, जे तुम्ही बहुधा विसरलात आणि मी विसरले नाही : "तुम्ही लाकडाचं बघा." तुम्ही "व्हय" म्हणालात, हात धुतलेत आणि अंगणात जाऊन पटाशीला धार लावत बसलात. त्या दगडावरचा तो लयबद्ध, शांत आवाज. मला वाटले होते, तुम्ही चिडलात. तुम्ही चिडला असतात तर बरे झाले असते.

कथा मी एक शब्दही न बदलता पाठवली. पुढच्या दिवाळी अंकात ती छापून आली. तोवर साखरेने तुमचे डोळे नेले होते. कारखाना दुसऱ्याने चालवायला घेतला होता आणि तुम्ही दारातल्या उन्हात खाट टाकून बसून असायचात, बोटांनी खाटेची कड चाचपत. भाऊबीज झाल्यावरची दुपार होती. तुम्ही अंक हातात घेतलात, पानाची जाडी अंगठ्याने बघितलीत, वास घेतलात आणि म्हणालात, "वाच की. मी म्हणालतो, ते केलंस का?"

मी म्हणाले, "हो."

का म्हणाले? दया म्हणून नव्हे. मला ती दुपार लवकर संपवायची होती. मी वाचू लागले. वाचता वाचता तो भाग जवळ आला जेथे तुमचा प्रश्न पडला होता, आणि मला काहीतरी म्हणणे भाग होते. मी पानाकडे बघत, पानावर नसलेले बोलू लागले. डोंगराच्या चढावर एक माणूस होता. एक म्हातारी त्याला विचारते आहे, एवढे मला पक्के आठवते. पुढचे वाक्य काय असणार हे तोंडातून निघेपर्यंत मला माहीत नव्हते, आणि तरी एकामागून एक वाक्ये येत होती, घाई नव्हती, अडखळणे नव्हते, एकही शब्द मला दुरुस्त करावासा वाटत नव्हता. असे त्यापूर्वी कधी झाले नव्हते. त्यानंतर तर नाहीच. त्या माणसाने उत्तर दिले. म्हातारी सरकली की नाही, तेही मी सांगितले. तुम्ही खाटेवरून दोन बोटे उचललीत, लाकडात खोट सापडली की उचलायचात तशी. पण या वेळी चेहरा निराळा होता.

"थांब. ते परत वाच. त्यो काय म्हणाला म्हणालीस?"

मी पानाकडे बघितले. पानावर पर्जन्यमापकांचे वर्णन होते. मी ते मिनिटापूर्वीचे वाक्य शोधले आणि ते तेथे नव्हते, कोठेच नव्हते. मी दुसरे काहीतरी बोलले. तुम्ही ऐकलेत. समोरून कोणाची तरी सायकल गेली.

"मगाशी दुसरं हुतं."

"ओळ चुकली असेल, आबा."

तुम्ही माझ्या दिशेने मान वळवलीत. डोळे माझ्यावर नव्हते, जरा वर, चौकटीवर होते. "आसंल," म्हणालात. आणि मग अगदी हळू, कारागीर कारागिराशी बोलतो तसे, "दोन्हीतलं पयलं ठेव."

होळीच्या आधी तुम्ही गेलात.

मला दुसरे आठवते. पहिले आठवत नाही. एवढीच माझी सगळी कहाणी आहे, बाकीचा तपशील आहे. दुसऱ्यात तो माणूस म्हातारीला म्हणतो, "मी माणूस आहे." माझ्या एखाद्या विद्यार्थ्याने हे वाक्य लिहिले असते तर मी वही तेथल्या तेथे परत केली असती. हे भाषणातले वाक्य आहे, चढावर दम लागलेला माणूस असे बोलत नाही. त्यानंतर मी तीन संग्रह लिहिले, सन्मान घेतले, विज्ञानकथेतील आशयसूत्रांवर प्रबंध लिहिला, आणि त्या प्रत्येक कामाच्या तळाशी ती दुपार होती. अकरा वर्षांपूर्वी मी ठरवले की आता फक्त तेच लिहायचे : डोंगराच्या चढावरची कादंबरी, ज्याला शेवटचे विचारले त्याची. चढणाऱ्यांचा क्रम मी लावला. झऱ्याजवळची जागा कोणाला मिळाली ते ठरवले. आधी कोण, मागून कोण, तुमच्या प्रत्येक प्रश्नाला मी जाब दिला. मीठ, लग्ने, मेलेली जनावरे, सगळ्याला. चारशे पानांचे जग उभे राहिले आणि त्याच्या मध्यभागी एक प्रकरण कोरे राहिले. तेथे मी कायदा आणून पाहिला, साथीचा रोग आणून पाहिला, एक यंत्रही आणले, स्वतःचीच शिसारी येईपर्यंत. पूर आणखी चढवला. प्रत्येक वेळी म्हातारी विचारते, तो माणूस तोंड उघडतो, आणि तोंडातून दुसरेच बाहेर पडते.

पहिले खरोखर तितके चांगले होते का, असाही संशय मी घेतला आहे. संशय घेणे हे माझे कामच आहे. कदाचित मी बनवते आहे हे ओळखून तुम्ही मला सांभाळून घेतलेत. कदाचित आंधळ्या माणसाला मुलीचा आवाज गोड लागला. पण तुम्ही कधी कोणाच्या कामाला खोटे चांगले म्हणाला नाहीत. तुमच्या हाताखालची माणसे याच एका गोष्टीसाठी तुमच्यावर वैतागायची. म्हणजे ते होते. जात कशी जाऊ शकते, याचे एक विश्वासार्ह वाक्य एका दुपारी आपल्या घराच्या दारात बोलले गेले, ते ऐकणारा एकच माणूस होता, आणि तो गेला. खाली, खऱ्या कोल्हापुरात, मला ते वाक्य बाहेरूनही मिळाले नाही. भाड्याचे घर बघायला गेले तेव्हा मालकीणबाईंनी माझी पदवी ऐकून चहा ठेवला आणि चहा उकळेपर्यंत मूळ गाव विचारले. लोक आता सरकत नाहीत. नुसते "हो का" म्हणतात. ते आकसणे तुमच्या पट्टीनेही मोजता आले नसते.

गेल्या आठवड्यात मी प्रकाशकांना कळवले की कादंबरी येणार नाही. कारण दिले नाही. ते सभ्य गृहस्थ आहेत. त्यांनी प्रकृतीची चौकशी केली. हस्तलिखिताचा गठ्ठा समोर आहे आणि वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर तुमची पट्टी ठेवली आहे. हे कागदही त्याखालीच सरकवीन. पाठवायचे कोठे, हा प्रश्न नाही. तुम्ही असतात तरी मी ते दिले नसते; दिले असते तर तुम्ही ते आईकडून वाचून घेतले असतेत आणि पुन्हा काहीतरी विचारले असतेत.

आता त्या मुलीचे. तिने विचारले. मी चष्मा काढला, पुसला, आणि म्हणाले की साहित्यात सगळे सांगायचे नसते. सव्वीस वर्षांत माझ्याकडे दुसरे वाक्य तयार झालेले नाही. ती खाली बसेल असे मला वाटले. ती बसली नाही. लाजली, वहीची पिशवी दोन्ही हातांनी धरली, आणि म्हणाली, "सांगू नका, मॅडम. पण तुम्हाला म्हाईत हाय न्हवं, तो काय म्हणाला ते?"

मी म्हणाले, "हो."

तिचा चेहरा उजळला, आबा. ती खाली बसली आणि तिने ते वहीत लिहून घेतले.